सौद्याची तिसरी बाजू

आपल्या वार्षिक अंकात ‘आजचा तरुण कोठे चालला आहे?’ अशा मथळ्याचा एखादा लेख बहुधा असतोच, आणि त्यात व्यसनांची यादी देताना तंबाखू, सिनेमा व मोबाइल यांच्या शेजारी व्हिडिओ गेमचे नाव न चुकता येते. मी आज त्या यादीतील शेवटच्या गोष्टीविषयी लिहिणार आहे. हा खेळही आपल्या मातीतला नाही. तो आहे अमेरिकेचा बेसबॉल, आणि तोही मैदानावरचा नव्हे, संगणकावरचा! संपादक मंडळाने हा विषय ऐकून भुवया उंचावल्या. पण ज्या गोष्टीने मला वर्षभर विचार करायला लावला तिच्याविषयी न लिहिता ‘निसर्ग आणि मानव’ यावर लिहिणे मला खोटेपणाचे वाटले. वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आमच्या वसतिगृहातील खोलीत माझ्या मित्राचा एक जुना लॅपटॉप आहे. त्याची कुवत बेताची. धावणारी, उड्या मारणारी चित्रे त्यावर अडखळतात. म्हणून त्याने त्यावर ‘आऊट ऑफ द पार्क बेसबॉल’ नावाचा खेळ आणला. हा खेळ मार्कुस हाइनसोन या जर्मन गृहस्थाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस घडवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळाचा असा बारकाईचा संगणकीय खेळ एका जर्मनाने करावा, हीही गंमतच! यात आपण बॅट फिरवायची नसते. आपण एका क्लबचे कारभारी व्हायचे असते. पडद्यावर मुख्यतः कोष्टकेच कोष्टके दिसतात: कोणाचे वय किती, पगार किती, करार कधी संपतो, बॅट कशी, हात कसा. अमेरिकेतले पारखी खेळाडूच्या प्रत्येक गुणाला २० पासून ८० पर्यंत अंक देतात. ५० म्हणजे सरासरी. तेच अंक येथेही असतात. मेजर लीगमध्ये ३० क्लब आणि प्रत्येकाचे हंगामात १६२ सामने. एवढा पसारा समोर मांडून खेळ आपल्याला म्हणतो, ‘चालवा आता कारभार!’

या कारभारातील सर्वांत गोड आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, ज्याला तिकडे ‘ट्रेड’ म्हणतात. आपला एक खेळाडू द्यायचा, त्यांचा एक घ्यायचा. कधी दोन देऊन एक घ्यायचा, कधी एक देऊन पाच. खेळाडूचा करार त्याच्याबरोबरच दुसऱ्या क्लबकडे जातो. नवा पगार ठरत नाही, फक्त मालक बदलतो. समोरचा क्लब संगणक चालवत असतो. तो आपला प्रस्ताव तोलतो आणि हो किंवा नाही म्हणतो.

आता संगणक तोलतो म्हणजे काय करतो? तो प्रत्येक खेळाडूला वय, गुण, पुढे वाढण्याची शक्यता आणि करार यांवरून एक किंमत लावतो. या पारड्यात यांची बेरीज, त्या पारड्यात त्यांची बेरीज. काटा आपल्याकडे झुकला की सौदा पक्का! मग माणसाची बुद्धी चालू लागते ती काट्याला फसवण्याच्या दिशेने. चार सामान्य खेळाडूंची मोट बांधून एक हिरा मागायचा. ज्याचा हंगाम अपघातानेच चांगला चालला आहे असा माणूस बाजार तेजीत असताना खपवायचा. सौदा फिसकटला तर जतन करून ठेवलेला जुना डाव पुन्हा उघडायचा आणि जणू काही घडलेच नाही असे करून नव्याने मागणी घालायची. आपल्याकडे याला ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ म्हणतात. आमच्या मजल्यावर हा खेळ खेळणारे पाच जण आहेत आणि कोहळ्यांच्या गोष्टी रात्री जेवणाच्या ताटावर अभिमानाने सांगितल्या जातात. ‘काय दिलेस?’ ‘काही नाही रे, दोन म्हातारे आणि एक लंगडा!’

परंतु माझे असे निरीक्षण आहे की असे कोहळे काढणाऱ्यांचा डाव फार दिवस टिकत नाही. तिसऱ्या हंगामात त्यांचा संघ १६२ पैकी १२० सामने जिंकतो, आणि चौथ्या हंगामात ते कंटाळून दुसरा खेळ उघडतात. मूर्खाला फसवण्यात पहिल्यांदा मौज असते, दहाव्यांदा नसते. म्हणूनच या खेळाच्या शौकिनांत ‘वास्तव वाटेल असा सौदा कसा करावा’ याची चर्चा असते. खेळातही सौद्यांची काठिण्यपातळी सोप्यापासून अवघडापर्यंत बदलता येते. पण पातळी वाढवल्याने फक्त दुकानदार अधिक चिवट होतो. सौदा खरा होत नाही. खरा सौदा कोणता, हा प्रश्न शेवटी खेळणाऱ्याकडेच येतो. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे पदवीच्या एखाद्या पेपरइतकेच शिकवणारे आहे.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण विनिमयाची व्याख्या पाठ करतो. दोन्ही पक्षांना लाभ होतो म्हणून विनिमय घडतो, हे आपण परीक्षेत लिहितो आणि विसरतो. बेसबॉलच्या इतिहासात मात्र ही व्याख्या हाडामांसाची होऊन भेटते. १९८७ च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइट टायगर्स हा संघ अजिंक्यपदाच्या शर्यतीत होता आणि त्याला एका अनुभवी पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाराची, तातडीने गरज होती. अटलांटा ब्रेव्ज हा संघ गुणतक्त्यात खाली रेंगाळत होता. त्याच्याकडे डॉयल अलेक्झांडर नावाचा ३६ वर्षांचा पिचर होता. हरणाऱ्या संघाला ३६ वर्षांच्या माणसाचा काय उपयोग? त्यांनी तो डेट्रॉइटला दिला आणि बदल्यात जॉन स्मॉल्ट्झ नावाचा २० वर्षांचा, मेजर लीगचे तोंडही न पाहिलेला पोरगा घेतला. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइटने आपल्या विभागाचे अजिंक्यपद दोन सामन्यांच्या फरकाने मिळवले. स्मॉल्ट्झ पुढे वीस वर्षे अटलांटाकडून खेळला आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला.

आज लोक हा सौदा डेट्रॉइटची घोडचूक म्हणून सांगतात. मला तसे वाटत नाही. त्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला जे हवे होते ते मिळाले, अटलांटाला जे हवे होते तेही मिळाले. एकाला ‘आज’ हवा होता, दुसऱ्याला ‘उद्या’. आज विकून उद्या घेणे आणि उद्या विकून आज घेणे, यावर तेथील बहुतेक मोठे सौदे उभे असतात. म्हणूनच जुलैच्या अखेरीस, सौद्यांची मुदत संपण्याच्या सुमारास, जिंकणारे क्लब तरुण पोरे देतात आणि हरणारे क्लब नावाजलेले गडी देतात. खेळात प्रस्ताव मांडण्यापूर्वी समोरचा क्लब आजच्या शोधात आहे की उद्याच्या, एवढे जरी पाहिले तरी अर्धे खोटे सौदे आपोआप गळून पडतात.

दुसरे उदाहरण त्याहून प्रसिद्ध आहे. १५ जून १९६४ रोजी शिकागो कब्जने लू ब्रॉक हा तरुण खेळाडू सेंट लुईस कार्डिनल्सला दिला आणि एर्नी ब्रॉलिओ हा पिचर घेतला. हा सौदा बेसबॉलमधील सर्वांत एकतर्फी सौद्यांपैकी एक मानला जातो, कारण ब्रॉक त्याच वर्षी कार्डिनल्सला जगज्जेतेपद मिळवून देण्यात पुढे होता. पुढे त्याने कारकिर्दीत ९३८ बेस चोरले आणि तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, तर ब्रॉलिओने शिकागोसाठी जेमतेम सात सामने जिंकले. परंतु त्या दिवशीची वही उघडून पाहा. ब्रॉलिओने १९६० मध्ये २१ आणि १९६३ मध्ये १८ सामने जिंकले होते. ब्रॉक तोवर शिकागोत चाचपडत होता. त्या दिवशी शिकागोचेच पारडे जड आहे असे म्हणणारे कमी नव्हते. यावरून मला एक गोष्ट पटली आहे. सौदा खरा की खोटा हे त्याच्या फळावरून ठरत नाही. त्या दिवशी दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या गोष्टींवरून दोघांनाही ‘हो’ म्हणण्याला कारण होते का, यावरून ते ठरते. खेळात चार हंगामांनी आपला सौदा चुकीचा ठरला तरी तो खराच असतो. आणि समोरच्या क्लबच्या बाजूने एकही कारण सांगता येत नसेल, तर तो बरोबर ठरूनही खोटाच.

येथे कराराचे गणितही समजून घ्यावे लागते. अमेरिकेत एका हंगामात १७२ दिवस मुख्य संघात काढले की खेळाडूची एक वर्षाची सेवा पुरी धरतात. अशी सहा वर्षे भरेपर्यंत त्याच्यावर क्लबचा हक्क असतो. साधारण पहिली तीन वर्षे पगार किमान दराच्या आसपास राहतो, त्यानंतर लवादाच्या मार्गाने तो वाढू लागतो, आणि सहा वर्षांनंतर तो मोकळा होतो. म्हणून तेथे खेळाडूइतकीच त्याच्या उरलेल्या वर्षांची किंमत होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने हुआन सोटो हा २३ वर्षांचा असामान्य फलंदाज सॅन डिएगो पॅड्रेजला दिला. त्याने वॉशिंग्टनचा १५ वर्षांचा, ४४ कोटी डॉलरचा करार नाकारला होता आणि त्याच्या बंधनाची अडीच हंगामे शिल्लक होती. सोटो आणि त्याच्याबरोबर जॉश बेल असे दोघे गेले. बदल्यात सहा जण आले. त्यांतील सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वूड हे तिघे पुढे वॉशिंग्टनकडून ऑल-स्टार संघात निवडले गेले. सोटो २०२३ च्या डिसेंबरात आणखी एका सौद्याने न्यू यॉर्क यांकीजकडे गेला आणि मोकळा होताच २०२४ च्या डिसेंबरात त्याने मेट्सशी १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. हे आकडे वाचून आपले डोळे फिरतात, पण त्यामागचा हिशेब साधा आहे. अडीच हंगामांची हमी एवढी महाग असते!

येथवर मी सौद्याच्या दोन बाजूंविषयी बोललो. आपली गरज आणि त्यांची गरज. खेळातील बहुतेक सल्ले येथेच संपतात. माझा खरा मुद्दा मात्र येथून पुढे आहे.

बैलबाजारात सौदा रुमालाखाली होतो. दलाल एकमेकांची बोटे दाबतात आणि रक्कम ठरते. बाजूला बैल रवंथ करीत उभा असतो. त्याला कोणी विचारत नाही, आणि विचारावे असे कोणाला वाटतही नाही. संगणकातील खेळाडूही तसाच उभा असतो. आता काही खेळांत त्याची निष्ठा, त्याचा लोभ, त्याची नाराजी यांनाही अंक दिलेले असतात, काही करारांत नकाराचे कलमही घालता येते. तरी बटण दाबणाराच्या दृष्टीने तो एक ओळ असतो. ती या कोष्टकातून त्या कोष्टकात जाते. प्रत्यक्ष बेसबॉलमध्येही कित्येक दशके हेच चालले होते. करारात एक राखीव कलम असे. मुदत संपली तरी क्लब तो करार आपल्या मर्जीने चालू ठेवी. खेळाडूने खेळायचे तर त्याच क्लबकडे, नाही तर घरी बसायचे. क्लबला मात्र त्याला हवे तेथे देण्याची मोकळीक होती.

लू ब्रॉकच्या शेजारी, सेंट लुईसच्या मैदानाच्या मध्यभागी, कर्ट फ्लड नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू उभा राहत असे. सलग सात वर्षे त्याला उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह मिळाला होता. सेंट लुईसमध्ये त्याची बारा वर्षे गेली होती. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला दूरध्वनीवरून कळवण्यात आले की तुझी फिलाडेल्फियाशी अदलाबदल झाली आहे. त्या सौद्यात सात खेळाडू होते, चार इकडून, तीन तिकडून. मुख्य देवघेव फ्लड आणि डिक ॲलन यांची. दोघेही नावाजलेले. संगणकाच्या काट्यावर हा सौदा ठेवला तर पारडी फारशी हलणार नाहीत. आपली गरज, त्यांची गरज, सारे जमते. मी वर सांगितलेल्या सर्व कसोट्यांना तो उतरतो.

पण फ्लड गेला नाही! २४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. इतकी वर्षे खेळल्यानंतर आपल्या इच्छेला न विचारता आपली खरेदीविक्री व्हावी अशी आपण कोणाची मालमत्ता आहोत असे आपल्याला वाटत नाही, असा त्याचा आशय होता. त्याचा पगार वर्षाला ९०,००० डॉलर होता. लोकांनी म्हटले, एवढा पगार घेणारा कसला गुलाम! त्याचे म्हणणे असे की पगार भरपूर मिळाला म्हणून गुलामगिरीचे नाव बदलत नाही. तो न्यायालयात गेला. जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग या निवृत्त दिग्गजांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. १९७० चा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल त्याच्याविरुद्ध दिला. मधल्या काळात, १९७१ मध्ये, त्याने वॉशिंग्टनकडून पुन्हा खेळून पाहिले, पण १३ सामन्यांत सारे संपले.

फ्लड हरला, पण त्याने विचारलेला प्रश्न हरला नाही. १९७३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने एक नियम मिळवला. ज्याची दहा वर्षे सेवा झाली आणि त्यांतील शेवटची पाच एकाच क्लबकडे गेली, त्याला अदलाबदल नाकारता येईल. हा नियम १९६९ मध्ये असता तर फ्लड घरबसल्या ‘नाही’ म्हणू शकला असता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शिकागो कब्जच्या रॉन सँटोने या नियमाचा पहिल्यांदा उपयोग करून कॅलिफोर्नियाला जाण्यास नकार दिला. नंतर तो शिकागोतल्याच दुसऱ्या संघात, व्हाइट सॉक्समध्ये, आपल्या संमतीने गेला. १९७५ च्या डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते राखीव कलम मोडून पडले. हुआन सोटोच्या ७६ कोटींच्या खाली फ्लडचे १९७० चे कोरे वर्ष आहे, हे विसरता कामा नये.

या गोष्टीकडे मी इतका का ओढला गेलो, हे सांगितले पाहिजे. माझे आजोबा सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे. काही पोती जोंधळा, काही रोख, एक धोतरजोडी. लग्नाकार्याला मालकाकडून उचल घेतलेली असायची, आणि ती फिटल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. एका वर्षी शेजारच्या गावच्या एका बागाईतदाराने आजोबांची उचल परस्पर चुकती केली आणि पाडव्यापासून आजोबा त्याचे झाले. दोन्ही मालक खूश होते. एकाला पैसे हवे होते, दुसऱ्याला राबता गडी. अर्थशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे दोन्ही पक्षांना लाभ झाला! आजीला मात्र हे दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हलवताना कळले. कोट्यवधी डॉलर मिळवणारा खेळाडू आणि जोंधळ्यावर राबणारे माझे आजोबा यांची तुलना मी करीत नाही. त्यांच्या ताटांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पण ‘तुला विचारले होते का?’ हा प्रश्न दोघांनाही लागू पडतो, आणि त्याचे उत्तरही एकच येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्यामुळे कोष्टकातील ओळ या टोकावरून त्या टोकाला सरकताना मला ती नुसती ओळ वाटत नाही.

कोणी म्हणेल, नियम झाले, संघटना झाली, आता खेळाडूला काय कमी? थोडे अलीकडे येऊ. ट्रे टर्नर या तरुणाला सॅन डिएगोने २०१४ च्या जूनमध्ये निवडले आणि डिसेंबरात वॉशिंग्टनला देऊन टाकले. पण निवडलेल्या खेळाडूची वर्षभर अदलाबदल करायची नाही, असा तेव्हा नियम होता. म्हणून त्याचे नाव कागदावर ‘पुढे कळवण्यात येईल’ असे ठेवले गेले आणि २०१५ च्या जूनपर्यंत तो बिचारा ज्या क्लबने त्याला देऊन टाकले होते त्याच क्लबच्या खालच्या संघात खेळत राहिला! या प्रकारानंतर नियम बदलला.

त्याच वर्षी २९ जुलैला न्यू यॉर्क मेट्सचा विल्मर फ्लोरेस मैदानावर खेळत असताना त्याची मिलवॉकीशी अदलाबदल झाल्याची बातमी पसरली. प्रेक्षकांच्या हातांतील मोबाइलवर ती आली आणि प्रेक्षकांकडून ती त्याच्या कानावर गेली. हा व्हेनेझुएलाचा मुलगा सोळाव्या वर्षी या क्लबकडे आला होता. तो आपल्या जागेवर उभा राहून, डोळे पुसत, पुढचा चेंडू अडवण्यासाठी वाकत होता. साऱ्या देशाने ते पाहिले. सौदा शेवटी फिसकटला आणि तो तेथेच राहिला. दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, बाराव्या डावात त्याने होमरन मारून वॉशिंग्टनविरुद्धचा सामना जिंकून दिला. मित्रहो, २० ते ८० च्या कोणत्या रकान्यात ही गोष्ट बसते?

आपल्याकडील क्रिकेटमध्येही आता हे वारे आले आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये संजू सॅमसन राजस्थानकडून चेन्नईला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन चेन्नईकडून राजस्थानला, अशी अदलाबदल झाली तेव्हा आमच्या वसतिगृहात दोन रात्री कोणी झोपले नाही. कोणी जिंकले, कोणाचे नुकसान झाले, यावर टेबले बडवली गेली. आयपीएलच्या नियमात अशा बदलाला खेळाडूची संमती लागते. ही तिसरी बाजू आपल्या नियमात पहिल्यापासून आहे, याची मात्र त्या दोन रात्रींत कोणी आठवणही काढली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. संगणकावर खरा सौदा करावा कसा? मी माझ्यापुरते काही नियम केले आहेत. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी मी वहीत समोरच्या क्लबच्या कारभाऱ्याच्या वतीने एक वाक्य लिहितो: ‘आम्ही हा सौदा करतो, कारण...’ हे वाक्य मला पुरे करता आले नाही तर प्रस्ताव रद्द, मग संगणक हो म्हणत असला तरी! प्रत्येक क्लबच्या यादीत ४० जागा असतात. दोघे देऊन एक घेताना त्या दोघांना त्यांच्याकडे जागा आहे का, हे मी आधी पाहतो. त्यांच्याकडे त्याच जागेवर खेळणारा चांगला माणूस असेल तर आपला माणूस त्यांच्या गळ्यात मारत नाही. जखमी खेळाडूचा सौदा करायचा तर जखमेची किंमत धरूनच करतो. हंगामात तीनचारपेक्षा अधिक सौदे नाहीत. मुक्त बाजारातून नुकताच घेतलेला खेळाडू १५ जूनपूर्वी त्याच्या संमतीवाचून द्यायचा नाही, हा प्रत्यक्षातला नियम मीही पाळतो. झालेला सौदा जुना डाव उघडून पुसायचा नाही. आणि दहा-पाचच्या नियमात बसणारा खेळाडू असेल तर मी नाणे उडवतो. छाप पडली तर त्याचा होकार, काटा पडला तर नकार. नाण्याला मन नसते हे मला कळते. पण त्या एका क्षणी निर्णय माझ्या हातात नसतो, एवढे तरी त्यातून साधते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, ‘अरे, हा खेळ आहे! खेळात कसला आलाय न्याय?’ माझे उत्तर असे की खेळ हा नियमांवरच उभा असतो. बुद्धिबळात प्यादे मागे चालवता आले तर कोण बुद्धिबळ खेळेल? ज्याला वास्तव नको आहे त्याने खुशाल कोहळे काढावेत, त्याला कोणी अडवलेले नाही. पण त्याला ‘मी उत्तम कारभारी आहे’ असे म्हणता येणार नाही. त्याने यंत्राचे एक भोक शोधले आहे, एवढेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्यक्षातले कारभारी तरी कोठे संत असतात? तेही एकमेकांना गंडवतातच. हे खरे आहे. घासाघीस हा सौद्याचा प्राण आहे आणि ती मलाही प्रिय आहे. पण बाजारात घासाघीस करणाऱ्या दोघांनाही उद्या पुन्हा त्याच बाजारात यायचे असते. ३० क्लबांच्या बाजारात ज्याने एकदा लबाडी केली त्याचा दूरध्वनी पुढच्या जुलैला कोण उचलणार? संगणक ही लबाडी सहज विसरतो. म्हणून ती लक्षात ठेवण्याचे काम खेळणाऱ्याला करावे लागते.

उद्या आपल्यापैकी कोणी बँकेत जाईल, कोणी पंचायत समितीत, कोणी शिक्षक होईल, कोणी कारखान्यात मुकादमाच्या वरच्या खुर्चीवर बसेल. तेथेही आपल्यापुढे कोष्टके येतील. बदल्यांच्या याद्या येतील, त्यांत नावापुढे वय, सेवा, वेतनश्रेणी असे रकाने असतील, आणि सही करायला पेन आपल्या हातात असेल. दोन्ही कार्यालयांची सोय झाली की यादी ‘योग्य’ ठरेल. त्या वेळी यादीतल्या माणसाला विचारण्याची सवय अंगी असली पाहिजे, आणि सवयी लहानसहान गोष्टींतच लागतात. ती कोणाला घरातून लागते, कोणाला पुस्तकांतून. मला ती एका जुन्या लॅपटॉपवर, परक्या देशाच्या खेळातून लागली, म्हणून तिची किंमत कमी होत नाही.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी आमच्या खोलीत डोकावून ‘अभ्यास सोडून काय चालले आहे?’ असे अवश्य विचारावे. त्यांचा तो अधिकार आहे. फक्त उत्तर ऐकण्यापुरते क्षणभर थांबावे, ही विनंती. आणि माझ्या मजल्यावरील चार मित्रांना एवढेच सांगणे आहे की पुढच्या वेळी ‘काय दिलेस?’ असे विचारण्याआधी ‘कोणाला दिलेस, आणि त्याला विचारलेस का?’ असे विचारून पाहा. खेळ बिघडणार नाही. उलट चौथा हंगामही रंगेल.

— द्वितीय वर्ष, कला शाखा